तांबडा रिगी

संध्याकाळचा प्रकाश फार थोडा वेळ टिकतो. सूर्य क्षितिजाला टेकला की आकाशाचे रंग क्षणाक्षणाला पालटू लागतात. पिवळ्याचा नारिंगी होतो, नारिंगीचा तांबडा होतो, तांबड्यावर जांभळी छटा चढते आणि पाहता पाहता सारे करडे होऊन जाते. हे रंग डोळे भरून पाहता येतात. परंतु मुठीत धरून ठेवता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा सूर्य मावळतो, पण कालचेच रंग आज दिसतील, असे मात्र नाही.

इ. स. १८४२ मध्ये एका वृद्ध इंग्रज चित्रकाराने सरोवराकाठची अशीच एक संध्याकाळ कागदावर उतरवली. त्याचे नाव जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर आणि त्या चित्राचे नाव ‘तांबडा रिगी’. हे चित्र आकाराने मुळीच मोठे नाही. त्याची उंची सुमारे ३० सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे ४६ सेंटिमीटर, म्हणजे उघडून ठेवलेल्या एखाद्या मोठ्या वहीएवढीच आहे. त्यात राजा नाही, युद्ध नाही, पुराणातील एखादा थोर प्रसंगही नाही. आहे तो केवळ एक डोंगर, एक सरोवर, काही नावा आणि मावळतीचा प्रकाश. तरीही एकोणिसाव्या शतकातील श्रेष्ठ जलरंगचित्रांत त्याची गणना होते. असे त्यात काय आहे, आणि ते चित्र जपण्यासाठी एवढी काळजी का घ्यावी लागते, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम ते स्थळ पाहू. युरोप खंडाच्या मध्यभागी स्वित्झर्लंड नावाचा एक लहानसा देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. परंतु आल्प्स पर्वताची हिमाच्छादित शिखरे आणि त्यांच्या कुशीत विसावलेली विस्तीर्ण सरोवरे यांनी त्या देशाला अलौकिक सौंदर्य दिले आहे. या सरोवरांपैकीच एक म्हणजे ल्युसर्नचे सरोवर. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ११४ चौरस किलोमीटर असून त्याचे फाटे डोंगरांच्या रांगांतून वळणे घेत दूरवर गेलेले आहेत. रॉइस नावाची नदी या सरोवरातून बाहेर पडते आणि ती जेथे बाहेर पडते, तेथेच ल्युसर्न हे जुने शहर वसलेले आहे.

ल्युसर्नच्या काठावर उभे राहून पूर्वेकडे दृष्टी टाकली, म्हणजे पाण्यापलीकडे एक एकाकी, भव्य डोंगर दिसतो. तोच रिगी. त्याची उंची सुमारे १,८०० मीटर आहे. आल्प्समध्ये याहून दुप्पट उंचीची शिखरे पुष्कळ आहेत. तेव्हा केवळ उंचीसाठी रिगीचे नाव झाले नसते. परंतु तो इतर शिखरांपासून काहीसा अलग, थेट सरोवराच्या काठावरून उठलेला आहे. त्यामुळे आसपासच्या साऱ्या प्रदेशातून तो नजरेत भरतो. त्याच्या माथ्यावरून सूर्योदय पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून प्रवाशांची रीघ लागू लागली. १८१६ मध्ये तेथे प्रवाशांच्या सोयीसाठी निवासगृह उभे राहिले आणि १८७१ मध्ये तर डोंगर चढून जाणारी दात्यांच्या रुळांची रेल्वेही सुरू झाली. युरोपातील अशा प्रकारची ती पहिलीच डोंगरी रेल्वे होय.

इतर प्रवासी डोंगराच्या माथ्यावरून खालचे जग पाहण्यासाठी धडपडत होते. टर्नरची चित्रे मात्र खालून, पाण्याच्या काठावरून, डोंगराकडे पाहतात.

टर्नरचा जन्म १७७५ मध्ये लंडन शहरात झाला. त्याचे वडील न्हावी होते. त्यांचे दुकान लंडनच्या एका अरुंद गल्लीत होते. आई मानसिक व्याधीने ग्रासलेली होती. अशा घरात वाढलेल्या या मुलाच्या हाती लहानपणीच पेन्सिल आणि कुंचला आला. मुलाची चित्रे वडील मोठ्या अभिमानाने दुकानाच्या खिडकीत टांगून ठेवीत आणि काही शिलिंगांना विकीत. वयाच्या चौदाव्या वर्षी, १७८९ मध्ये, त्याला लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या चित्रशाळेत प्रवेश मिळाला. १८०२ मध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, तो त्या संस्थेचा पूर्ण सभासद झाला. न्हाव्याच्या मुलाने एवढा मान मिळवावा, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

त्याच वर्षी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील युद्ध काही काळ थांबले. ही संधी साधून टर्नर प्रथमच आल्प्स पर्वत पाहण्यास गेला. पुढे युद्ध पुन्हा पेटले आणि सामान्य प्रवाशांना युरोपाची वाट बंद झाली. १८१५ नंतर शांतता झाल्यावर टर्नरने अनेक देश पालथे घातले. खिशात मावणाऱ्या लहान वह्या नेहमी त्याच्याजवळ असत. चालता चालता, नावेत बसल्या बसल्या, तो त्यांत भराभर रेखाटने करी. डोंगराची कड, ढगांचा आकार, घाटाच्या पायऱ्या, शिडाची दोरी, असे जे डोळ्यांस दिसे ते वहीत उतरे.

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, म्हणजे १८४१ मध्ये, तो पुन्हा स्वित्झर्लंडला गेला. या वयात बहुतेक माणसे विसावा शोधतात. टर्नर मात्र तेव्हापासून सलग चार उन्हाळे, १८४४ पर्यंत, तेथे जात राहिला. त्या काळी प्रवास घोडागाडीने आणि आगबोटीने करावा लागे. तो कष्टाचाही होता आणि खर्चाचाही. ल्युसर्नला तो सरोवराकाठच्या एका हॉटेलात उतरत असे. समोर रिगी होता. सकाळ, दुपार, संध्याकाळ त्याने तो पाहिला आणि त्याची रेखाटने व लहान रंगचित्रे तयार केली. ज्याने तारुण्यात सारे जग पाहण्याची हौस बाळगली, त्याला वार्धक्यात एकच डोंगर पुन्हा पुन्हा पाहावासा वाटला. कारण डोंगर एकच असला, तरी त्यावरचा प्रकाश रोज निराळा असतो, हे त्याने ओळखले होते.

लंडनला परतल्यावर टर्नरने या नमुन्यांवरून मोठी चित्रे करावयाचे ठरवले. त्याने नमुने ग्रिफिथ नावाच्या चित्रविक्रेत्याकडे दिले आणि त्यावरून दहा चित्रांची मागणी मिळवावी, असे सुचवले. परंतु नेहमीचे ग्राहक बिचकले. ही चित्रे टर्नरच्या पूर्वीच्या चित्रांसारखी नव्हती. त्यांत वस्तूंच्या कडा स्पष्ट नव्हत्या. सारे काही प्रकाशात विरघळल्यासारखे दिसत होते. टर्नरचा मोठा चाहता व प्रसिद्ध लेखक जॉन रस्किन याने हा प्रसंग पुढे लिहून ठेवला आहे. प्रत्येक चित्राची किंमत ८० गिनी, म्हणजे ८४ पौंड, ठरली होती. महत्प्रयासाने नऊ चित्रांना ग्राहक मिळाले आणि दहावे चित्र विक्रेत्याने आपल्या दलालीच्या मोबदल्यात घेतले, असे तो सांगतो. ज्या चित्रांसाठी पुढे जगातील मोठमोठी संग्रहालये झटली, त्यांना आरंभी दहा ग्राहकही सहज मिळू नयेत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या दहा चित्रांपैकी तीन चित्रे रिगीची होती. एकाला ‘निळा रिगी’ म्हणतात, दुसऱ्याला ‘काळा रिगी’ आणि तिसऱ्याला ‘तांबडा रिगी’. एकच डोंगर निळा, काळा आणि तांबडाही कसा असू शकेल? याचे उत्तर सूर्याच्या जागेत आहे. रिगी ल्युसर्नच्या पूर्वेस आहे. पहाटे सूर्य डोंगराच्या पाठीमागून उगवतो. तेव्हा पाहणाऱ्यासमोर असलेली डोंगराची बाजू छायेत राहते आणि तो निळसर, धूसर दिसतो. ‘निळा रिगी’ या चित्रात हाच पहाटेचा क्षण आहे. त्यात आकाशात शुक्राची चांदणी आहे, पाण्यात उड्या घेणारे कुत्रे आहेत आणि त्यांना भिऊन उडालेली बदके आहेत.

संध्याकाळी सारे उलटते. सूर्य पश्चिमेस, म्हणजे पाहणाऱ्याच्या पाठीमागे जातो. त्याचे किरण सरोवरावरून सरळ जाऊन रिगीच्या छातीवर पडतात. ‘तांबडा रिगी’ या चित्रात हा क्षण टिपला आहे. डोंगराचा माथा आणि त्याचे खांदे तांबूस, गुलाबी तेजाने उजळून निघाले आहेत. खाली उतरावे तसतसे ते तेज मंद होत जाते आणि पायथा निळसर धुक्यात मिसळून जातो. सरोवराचे पाणी निश्चल आहे. त्यावर डोंगराच्या तांबड्या रंगाची पुसट झाक उतरली आहे. पुढच्या बाजूस नावा दिसतात, त्या मात्र सावलीत आहेत. दिवसाचे काम संपत आले आहे. माणसांच्या जगात अंधार पसरू लागला आहे. परंतु डोंगराच्या माथ्यावर अजून सूर्य आहे. दिवस आणि रात्र या दोहोंना एकाच दृष्टिक्षेपात पाहता यावे, अशी ही वेळ आहे.

मावळतीचा प्रकाश तांबडा का दिसतो, याचे कारण शास्त्राने सांगितले आहे. सूर्याचा पांढरा प्रकाश वस्तुतः अनेक रंगांचा मिळून झालेला असतो. हवेतील सूक्ष्म कण हा प्रकाश सर्व दिशांना विखुरतात. पण सर्व रंग सारखे विखुरले जात नाहीत. निळा रंग तांबड्याच्या सुमारे पाच-सहा पटींनी अधिक विखुरतो. म्हणूनच दिवसा आकाश निळे दिसते. सूर्य डोक्यावर असताना त्याचे किरण हवेच्या थरातून उभे येतात. परंतु तो क्षितिजावर असताना त्याच किरणांना तीसपटींहून अधिक हवेतून तिरपा प्रवास करावा लागतो. या लांबच्या वाटेत बहुतेक निळा प्रकाश इकडेतिकडे विखुरला जातो आणि पाहणाऱ्यापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः पिवळा, नारिंगी आणि तांबडा. सरोवराची पातळी खाली आणि डोंगराचा माथा उंच. म्हणून काठावरील माणसासाठी सूर्य मावळला, तरी माथ्यावर तो काही काळ पडतच राहतो. सावलीची रेषा हळूहळू डोंगर चढत जाते आणि अखेरीस शिखरावरचा तांबडा ठिपकाही विझतो.

आकाशाच्या रंगांचे हे गणित लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये मांडले. टर्नरचे चित्र त्याआधी एकोणतीस वर्षांचे आहे. त्याला हे गणित ठाऊक नव्हते. परंतु डोंगराच्या कोणत्या भागावर तांबडा रंग चढतो आणि तो कोठे निळ्यात मिसळतो, हे त्याने डोळ्यांनी अचूक पाहिले होते. शास्त्रज्ञ कारण शोधतो, कलावंत रूप शोधतो. पण दोघांचीही सुरुवात लक्षपूर्वक पाहण्यातूनच होते.

आता हा प्रकाश कागदावर आला कसा, ते पाहू. ‘तांबडा रिगी’ हे जलरंगातील चित्र आहे. जलरंगात रंगाची बारीक भुकटी डिंकात घोटलेली असते आणि ती पाण्यात कालवून कुंचल्याने कागदावर लावतात. पाणी वाळून जाते. डिंकामुळे रंग कागदाला चिकटून राहतो. तैलरंगात एका रंगावर दुसरा जाड थर चढवून खालचा रंग झाकता येतो, चूक दुरुस्त करता येते आणि उजेड दाखवण्यासाठी वरून पांढरा रंग लावता येतो. पारदर्शक जलरंगाची रीत याच्या उलट आहे. त्यात प्रकाश वरून लावायचा नसतो, तो खालून येऊ द्यायचा असतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत जाणारा उजेड रंगाच्या पातळ थरातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा त्याच रंगातून बाहेर येतो. म्हणून चांगल्या जलरंगचित्रातील आकाश आतून उजळल्यासारखे भासते. परंतु त्यासाठी कोठे रंग लावायचा, यापेक्षाही कोठे लावायचा नाही, याचा विचार चित्रकाराला आधीच करावा लागतो. एकदा झाकलेला उजेड परत मिळवणे अतिशय कठीण असते.

टर्नर या कलेत पारंगत होता. तो कागद पाण्याने ओला करी, त्यावर रंग सोडी आणि ते एकमेकांत मिसळू देई. वाळल्यावर त्यावर दुसरा पातळ हात देई. अशा अनेक थरांतून धुके, उतरता प्रकाश आणि दूरचे अंतर साकार होई. झाकलेला उजेड काही ठिकाणी परत आणण्याची युक्तीही त्याने साधली होती. ओलसर रंग तो टिपून घेई. वाळलेला रंग चाकूच्या टोकाने किंवा नखाने खरवडून खालचा पांढरा कागद उघडा करी. त्यासाठी त्याने अंगठ्याचे एक नख मुद्दाम वाढवले होते, असे त्याला पाहिलेल्या लोकांनी सांगितले आहे. पाण्यावरील चकाकी आणि उडणारे शिंतोडे अशा एखाद्या ओरखड्यातून जन्माला येत.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे चित्र टर्नरने ल्युसर्नच्या काठावर बसून पूर्ण केलेले नाही. तेथे त्याने नमुना तयार केला. पूर्ण चित्र त्याने लंडनमध्ये रंगवले. ज्या घटकेला तो कुंचला चालवीत होता, त्या घटकेला समोर ना सरोवर होते ना डोंगर. ती संध्याकाळ केव्हाच मावळली होती. ती उरली होती फक्त एका लहान नमुन्यात आणि एका माणसाच्या स्मरणात.

स्मरणातली संध्याकाळ कागदावर आली; पण ती तेथे तरी सुरक्षित राहिली का? ज्या प्रकाशाचे चित्र टर्नरने काढले, तोच प्रकाश त्याच्या चित्राचा शत्रू आहे! दुकानाच्या काचेमागे बरेच दिवस उन्हात राहिलेल्या रंगीत कापडाची घडी उघडली, तर उन्हाकडची बाजू विटलेली आणि आतली बाजू ताजी दिसते. जलरंगांचेही तसेच होते. प्रकाशाच्या आघाताने काही रंगद्रव्ये हळूहळू मोडतात आणि रंग फिका पडतो. त्यातही वनस्पतींच्या मुळांपासून किंवा किड्यांपासून काढलेले काही तांबडे व किरमिजी रंग आणि नीळ यांना हा धोका अधिक. मातीपासून मिळणारे गेरूसारखे रंग त्या मानाने टिकाऊ असतात. जलरंगाचा थर अत्यंत पातळ असल्यामुळे थोडीशी झीजही डोळ्यांना जाणवते. टर्नर असे लवकर उडून जाणारे रंगही बेधडक वापरीत असे. एका रंगनिर्मात्याने त्याला याबद्दल सावध केले, तेव्हा रंग बनवणे हे तुमचे काम आणि ते वापरणे हे माझे काम, असे त्याने बजावले, अशी आख्यायिका आहे.

१८८८ मध्ये इंग्लंडात रसेल आणि ॲबनी या दोघा शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा कसून अभ्यास करून अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी निरनिराळ्या जलरंगांच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून, अर्धा भाग झाकून आणि अर्धा उघडा ठेवून, महिनोन्महिने उन्हात ठेवल्या. झाकलेला भाग जसाच्या तसा राहिला. उघड्या भागातील पुष्कळ रंग फिके पडले, काही तर नाहीसे झाले. प्रकाशाने जलरंग विटतात, हे अशा रीतीने निर्विवाद सिद्ध झाले.

मग करावे काय? चित्र उजेडात ठेवले, तर ते विटते. अंधारात ठेवले, तर ते दिसत नाही. चित्र काढायचे ते पाहण्यासाठीच. आणि प्रत्येक वेळी पाहताना ते कणाकणाने झिजणार! या पेचातून हेन्री व्हॉन नावाच्या एका इंग्रज संग्राहकाने मोठा सुंदर मार्ग काढला. त्याने टर्नरची ३८ जलरंगचित्रे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाला मृत्युपत्राने दिली. १९०० मध्ये ती एडिंबरो शहरी पोहोचली. देणगीला त्याने एक अट घातली होती. ही चित्रे वर्षातून केवळ जानेवारी महिन्यातच, सर्व लोकांना विनामूल्य दाखवावीत. स्कॉटलंडमध्ये जानेवारीत दिवस जेमतेम सात-आठ तासांचा आणि ऊन अगदी क्षीण असते. उरलेले अकरा महिने चित्रे अंधारात विश्रांती घेतात. एकविसाव्या शतकातही ही प्रथा तेथे पाळली जात आहे. शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी त्या चित्रांचे रंग ताजे राहिले आहेत, याचे श्रेय या दूरदृष्टीला आहे. आता इतर संग्रहालयेही जलरंगचित्रांना मंद दिव्यांत, सुमारे ५० लक्स इतक्याच उजेडात, थोड्या दिवसांसाठी मांडतात आणि नंतर काळोख्या कपाटात ठेवून देतात.

‘तांबडा रिगी’ची कथाही अशीच आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी आल्फ्रेड फेल्टन नावाचा एक व्यापारी होता. १९०४ मध्ये तो मरण पावला, तेव्हा त्याने आपल्या संपत्तीचा मोठा वाटा कलाकृतींच्या खरेदीसाठी आणि गरजूंच्या साहाय्यासाठी ठेवला. त्या निधीतून १९४७ मध्ये हे चित्र व्हिक्टोरियाच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयासाठी विकत घेण्यात आले. स्वित्झर्लंडची एक संध्याकाळ इंग्लंडात रंगली आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन स्थिरावली.

त्याचा भाऊ म्हणावा असा ‘निळा रिगी’ मात्र खाजगी मालकीत होता. २००६ मध्ये तो विकला गेला आणि इंग्लंडबाहेर जाणार, अशी चिन्हे दिसू लागली. तेव्हा लंडनच्या टेट संग्रहालयाने तो विकत घेण्यासाठी लोकांकडे मदत मागितली. किंमत होती सुमारे ४९ लाख ५० हजार पौंड. कोणीही ५ पौंड देऊन चित्रातील कुंचल्याचा एक फटकारा ‘विकत’ घ्यावा, अशी योजना निघाली. तो फटकारा अर्थातच कोणी घरी नेणार नव्हते. चित्र सर्वांचेच राहणार होते. अकरा हजारांहून अधिक लोकांनी मिळून साडेपाच लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली. संग्रहालयाने आणि अन्य निधींनी उरलेली भर घातली आणि २००७ मध्ये चित्र राष्ट्राचे झाले. त्याच वर्षी मेलबर्नहून ‘तांबडा रिगी’ लंडनला नेण्यात आला आणि निळा, काळा व तांबडा हे तिन्ही रिगी एका दालनात एकत्र मांडले गेले. एकाच डोंगराची तीन रूपे लोकांनी शेजारी शेजारी पाहिली.

टर्नर १८५१ मध्ये वारला. आपल्या संग्रही असलेली चित्रे त्याने राष्ट्राला अर्पण केली होती. त्यांत सुमारे ३०० तैलचित्रे आणि कागदावरील तीस हजारांहून अधिक रेखाटने व जलरंगचित्रे आहेत. रिगी डोंगर आजही ल्युसर्नच्या काठावर उभा आहे आणि स्वच्छ संध्याकाळी आजही तांबडा होतो. त्या तांबड्या रंगाला जपावे लागत नाही; सूर्य तो पुन्हा पुन्हा आणून देतो. परंतु टर्नरने पाहिलेली ती एक संध्याकाळ पुन्हा येणार नाही. ती एका कागदावर, केसाहूनही पातळ अशा रंगाच्या थरात शिल्लक आहे. एका माणसाने ती लक्ष देऊन पाहिली, म्हणून ती कागदावर आली. आणि ज्यांनी टर्नरला कधी पाहिले नाही, अशा अनेकांनी उजेड मोजून, दिवस मोजून ती जपली, म्हणून ती टिकली.

सुंदर वस्तू निर्माण करणाराचे नाव जग लक्षात ठेवते. ती जपणारांची नावे बहुधा कोणाला ठाऊक नसतात. पण कपाटाचे दार वेळेवर बंद करणारा तो अज्ञात हात नसता, तर रिगी आज तांबडा राहिला नसता.